पुनर्वसित गावात नवी शेती उभी करताना: पहिल्या तीन हंगामांचे नियोजन (बुलढाणा जिल्हा)

गाव सोडावे लागण्याची कारणे वेगवेगळी असतात. कुठे युद्ध आणि दंगल, कुठे जंगलातील संघर्ष, कुठे धरण. बुलढाणा जिल्ह्यात बहुतेक शेतकरी कुटुंबांवर ही वेळ धरणांमुळे आली. नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवरील जिगाव प्रकल्पाने नांदुरा आणि जळगाव जामोदसह आसपासच्या तालुक्यांतील अनेक गावे बुडीत क्षेत्रात घेतली. देऊळगाव राजा तालुक्यात खडकपूर्णा प्रकल्प (संत चोखामेळा सागर) झाला. संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरवा अभयारण्यातून आदिवासी गावांचे पुनर्वसन झाले.

कारण कोणतेही असो, नव्या ठिकाणी शेतकऱ्यापुढे येणारा प्रश्न सारखाच असतो. जुन्या शेताचा प्रत्येक तुकडा त्याला माहीत होता. कुठे पाणी साचते, कोणत्या धुऱ्याला तूर चांगली येते, विहिरीचे पाणी मार्चपर्यंत टिकते की नाही, हे तो न विचारता सांगत असे. नव्या शेतात यातले काहीच ठाऊक नसते, आणि नेमक्या त्याच वेळी हातात मोबदल्याची रक्कम असते. अनोळखी जमिनीत मोठा खर्च करून पहिलेच पीक बुडाले, तर मोबदला संपतो आणि काल शेतमालक असलेला माणूस दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातो. म्हणून या लेखाचा मुख्य सल्ला असा: पहिले वर्ष जमीन ओळखण्याचे आणि घर चालवण्याचे, दुसरे वर्ष माती सुधारण्याचे, आणि मोठी गुंतवणूक त्यानंतर.

१. जमीन घेण्यापूर्वी पाहायचे कागद

पुनर्वसनात मिळालेली असो वा मोबदल्यातून विकत घेतलेली, पुढील गोष्टी तपासल्याशिवाय व्यवहार पक्का करू नका.

- सातबारा, आठ-अ आणि फेरफार नोंदी: मागील फेरफार वाचून घ्या. इतर हक्कांत बँकेचा बोजा, वारसांची नोंद, कुळाची नोंद किंवा न्यायालयीन दावा आहे का ते पाहा.
- भोगवटादार वर्ग: वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय खरेदी-विक्री होत नाही. पुनर्वसनात मिळणाऱ्या जमिनी बहुधा याच वर्गात असतात. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला घ्यायची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार पूर्वपरवानगी लागते.
- पुढील संपादन: घेणार आहात ती जमीन त्याच प्रकल्पाच्या कालव्यात, बुडीत क्षेत्रात किंवा रस्त्यात जाणार नाही ना, याची चौकशी तहसील आणि भूसंपादन कार्यालयात करा. लाभक्षेत्रात जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध असू शकतात, तेही विचारा.
- मोजणी: भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम करून घ्या आणि खुणांचे दगड धुऱ्यावर पक्के बसवा. नव्या गावात शेजाऱ्याशी पहिला वाद बहुधा धुऱ्यावरूनच होतो.
- पांदण रस्ता: पावसाळ्यात बैलगाडी किंवा ट्रॅक्टर शेतापर्यंत जातो का ते स्वतः पाहा. रस्ता नसेल तर महसूल संहितेच्या कलम १४३ नुसार तहसीलदारांकडे अर्ज करता येतो.

मोबदला कमी वाटत असेल तर मुदत चुकवू नका. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार (१ जानेवारी २०१४ पासून लागू) निवाड्याविरुद्ध कलम ६४ खाली अर्ज करता येतो. निवाडा जाहीर होताना तुम्ही किंवा तुमचा प्रतिनिधी हजर असेल तर निवाड्यापासून सहा आठवड्यांत अर्ज करावा लागतो. हजर नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जे आधी संपेल ते. रक्कम घेताना ‘हरकत राखून’ असे लेखी नोंदवा. हरकत न नोंदवता रक्कम स्वीकारली तर पुढे हा अर्ज करता येत नाही. सरळ खरेदीने जमीन दिल्यास ठरलेल्या दरावर नंतर दाद मागण्यास फारशी जागा उरत नाही, म्हणून सही करण्यापूर्वीच जाणकाराला विचारा.

प्रकल्पग्रस्त प्रमाणपत्र लगेच काढून ठेवा. शासकीय नोकरभरतीत प्रकल्पग्रस्तांसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. ते कुटुंबातील कोणाच्या नावे घ्यायचे हे घरात सर्वांनी बसून ठरवा.

२. घाटावर की घाटाखाली

जिल्ह्यातील शेती दोन भागांत वागते. घाटाखालचा शेतकरी घाटावर गेला किंवा उलट झाले, तर जुन्या सवयीप्रमाणे केलेली शेती तोट्यात जाऊ शकते.

घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात, जमीन खोल व काळी आहे. नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या तालुक्यांचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. इथे माती चिकट, निचरा मंद आणि भूगर्भातील पाणी खारे. पाऊस जास्त झाला की पीक पिवळे पडते, उघडीप झाली की भेगा पडतात.

घाटावर, म्हणजे बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, मेहकर, लोणार या तालुक्यांत, जमीन मध्यम ते हलकी आणि अनेक ठिकाणी मुरमाड आहे. पाणी गोड पण ओल लवकर उडते. काळ्या जमिनीची सवय असलेल्या शेतकऱ्याने इथे वीस दिवसांच्या खंडाला तोंड देण्याची तयारी पेरणीपूर्वीच ठेवावी.

खोली तपासण्याची सोपी पद्धत: शेतात तीन-चार ठिकाणी दोन फुटांचा खड्डा घ्या. मुरूम एक फुटाच्या आत लागला तर जमीन हलकी समजा. तिथे मूग, उडीद, ज्वारी अशी पिके घ्या. दीड फुटापर्यंत माती असेल तर सोयाबीन चालते. दोन फूट किंवा अधिक माती असेल तरच कपाशी आणि उशिराच्या तुरीचा विचार करा.

३. माती आणि पाणी परीक्षण

सातबारा नावावर होण्याची वाट न पाहता, शक्य तर व्यवहारापूर्वीच नमुना घ्या.

मातीचा नमुना: शेतात नागमोडी चालत १० ते १२ ठिकाणी ‘व्ही’ आकाराचा २० ते २२ सें.मी. खोल खड्डा घेऊन बाजूची माती काढा. एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन भाग टाका, असे करत अर्धा किलो माती ठेवा. झाडाखालची, उकिरड्याजवळची, धुऱ्यावरची माती घेऊ नका. हलका आणि भारी तुकडा वेगळा असेल तर नमुनेही वेगळे द्या.

पाण्याचा नमुना: विहीर किंवा बोअर काही वेळ चालवून मग एक लिटर पाणी स्वच्छ प्लास्टिक बाटलीत भरा. बाटली त्याच पाण्याने आधी धुवा.

अहवालात काय पाहावे:

- सामू: ६.५ ते ७.५ उत्तम. ८.५ च्या वर गेल्यास जमीन चोपण होण्याची शंका घ्या.
- क्षारता (विद्युत वाहकता): मातीत १ डेसी सायमन प्रति मीटरपेक्षा कमी असावी.
- विनिमययोग्य सोडियमचे प्रमाण: १५ टक्क्यांहून अधिक असेल तर जमीन चोपण. भारी काळ्या जमिनीत त्याहून कमी प्रमाणातही निचरा बिघडतो. खारपाणपट्ट्यात ही तपासणी आवर्जून मागा. नेहमीच्या परीक्षणात ती असेलच असे नाही.
- सेंद्रिय कर्ब: ०.४ टक्क्यांहून कमी असल्यास आधी शेणखत, मग बाकी सर्व.
- पाण्याची क्षारता: ०.७५ पर्यंत बहुतेक पिकांना चालते. २.२५ च्या वर असलेले पाणी काळ्या जमिनीला देऊ नका.
- पाण्यातील उर्वरित सोडियम कार्बोनेट: १.२५ पर्यंत सुरक्षित, २.५ च्या वर अयोग्य.

मातीची तपासणी बुलढाणा येथील मृद चाचणी प्रयोगशाळेत होते. अहवालावर सल्ला हवा असेल तर बुलढाणा किंवा जळगाव जामोद येथील कृषी विज्ञान केंद्र आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांच्याशी संपर्क साधा. पाण्याचा अहवाल येईपर्यंत नवी विहीर, पाइपलाइन किंवा फळबाग यांवर रक्कम लावू नका.

४. पहिला खरीप: घरचे धान्य, कमी खर्च

पहिल्या हंगामात सर्व रान एका नगदी पिकाखाली आणू नका. आधी घराचा हिशेब करा. पाच माणसांच्या घराला माणशी महिना १५ किलो धान्य धरले तर वर्षाला ९ क्विंटल लागते. माणशी दीड किलो डाळ धरली तर ९० किलो. हे घरच्या रानातून आले तर मोबदल्यातील तेवढी रक्कम बाजारात जात नाही.

पाच एकर मध्यम ते भारी जमिनीसाठी एक नमुना नियोजन:

- १ एकर ज्वारी: बियाणे ३ ते ४ किलो. घराला धान्य आणि जनावरांना कडबा.
- १ एकर मूग किंवा उडीद: ६५ ते ७५ दिवसांत रिकामे होते, पहिला पैसा याच पिकाचा येतो आणि रब्बी हरभऱ्याला रान मिळते. उडदात टीएयू-१ हा जुना व खात्रीचा वाण आहे.
- ३ एकर सोयाबीन अधिक तूर: चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर. मध्यम जमिनीत लवकर येणारा बीडीएन ७११, खोल जमिनीत पीकेव्ही तारा किंवा आशा.

रानडुक्कर आणि रोही यांचा त्रास किती आहे हे शेजाऱ्यांना विचारूनच ज्वारी व मुगाचा तुकडा निवडा. जंगलाच्या कडेला एकट्याने ज्वारी पेरली तर सगळी जनावरे तिथेच येतात. चार-सहा शेजाऱ्यांनी लागून पेरणी केल्यास राखण सोपी जाते.

सोयाबीनबाबत तीन गोष्टी पाळा. ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. बी ३ ते ४ सें.मी. पेक्षा खोल टाकू नका. घरचे बी असेल तर उगवण तपासा: ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवा, ७० किंवा अधिक उगवले तर एकरी २६ ते ३० किलो बी पुरते. पेरणीपूर्वी रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची प्रक्रिया करा. नव्या रानात आधी कधी सोयाबीन झाले नसेल तर रायझोबियमचा फायदा अधिक दिसतो.

भारी जमिनीत रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरा. जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते, खंडात तीच सरी ओल धरते. बीबीएफ यंत्र गावात एकच असले तरी दहा जणांना पुरते.

५. पहिला रब्बी: ओलीवरची पिके

मूग-उडदाच्या रानात हरभरा घ्या. कोरडवाहूत विजय, ओलीची थोडी सोय असेल तर जाकी ९२१८. एकरी २६ ते ४० किलो बी, दाण्याच्या आकारानुसार. मर रोगासाठी ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया करा. काळ्या जमिनीत हरभऱ्याला भरपूर पाणी देऊ नका. तुषार संचाने फुलोऱ्याच्या सुरुवातीला आणि घाटे भरताना हलके पाणी पुरते.

खारपाणपट्ट्यात पाण्याची सोय नसेल तर करडई विसरू नका. मुळे खोल जातात, थोडी क्षारता सहन होते, आणि काट्यांमुळे जनावरे कमी शिरतात. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एकरी ४ किलो बी पुरते. तेल घरी वापरता येते.

६. दुसरे वर्ष: माती सुधारणा

आता एक खरीप आणि एक रब्बी झालेला असतो. कुठे पाणी साचते, कुठे पीक खुजे राहते हे तुम्ही पाहिलेले असते. सुधारणेचा खर्च त्या तुकड्यांपासून सुरू करा.

चोपण काळी जमीन (घाटाखाली): मृद अहवालात दिलेल्या जिप्समच्या गरजेनुसार पावसाळ्यापूर्वी जिप्सम पसरवून वरच्या थरात वखराने मिसळा. आधी चर काढून पाण्याला वाट करून द्या; निचरा नसेल तर सोडियम तिथेच राहतो आणि जिप्समचा खर्च वाया जातो. सोबत ढैंचा एकरी २० किलो पेरून फुलोऱ्याच्या सुमारास, ४५ ते ५० दिवसांत गाडा. भूगर्भातील पाणी खारे असल्याने पावसाचे पाणी साठवणारे शेततळे हाच संरक्षित ओलिताचा भरवशाचा मार्ग. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची ९३२ गावे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात घेतली होती. तुमचे नवे गाव अशा कोणत्या योजनेत येते ते कृषी सहायकाकडे विचारा.

मुरमाड जमीन (घाटावर): गाळ टाकणे उपयोगी, पण हिशेब करून. एका एकरावर १० सें.मी. थर द्यायचा तर सुमारे ४०० घनमीटर गाळ लागतो, म्हणजे एक ब्रासच्या ट्रॉलीने १४० हून अधिक खेपा. म्हणून एका उन्हाळ्यात अर्धा एकर पुरे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून तलावाचा गाळ नेता येतो, आणि बुलढाणा जिल्ह्यात नाले-तलाव खोलीकरणाचे मोठे काम झालेले आहे. गाळाची तपासणी करूनच उचला. खाऱ्या पट्ट्यातील गाळ चांगल्या जमिनीत टाकल्यास ती बिघडते.

७. जनावरे आणि चारा

नव्या गावठाणाजवळ गायरान नसणे ही नेहमीची अडचण. त्यामुळे अनेक जण स्थलांतराच्या आधीच जनावरे विकतात, आणि दोन वर्षांत शेणखत संपल्यावर खताचा खर्च वाढतो. आधी चाऱ्याचा हिशेब करा. एका बैलाला दिवसाला ६ ते ७ किलो कोरडा चारा धरला तर जोडीला वर्षाला सुमारे ५ टन लागतो. एक एकराचा कडबा, सोयाबीन आणि तुरीचे कुटार मिळून यातला मोठा भाग निघतो. तेवढा चारा दिसत असेल तर जोडी ठेवा. नसेल तर एक गाय आणि चार-पाच शेळ्या ठेवा. सगळे दावण एकदम रिकामे करू नका.

८. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती

ठोक्याने किंवा बटईने करणारे, मजूर, नदीकाठी भाजीपाला करणारे आणि मासेमारी करणारे यांचे नुकसान मोबदल्याच्या यादीत पूर्ण दिसत नाही. त्यांच्यासाठी काही वाटा आहेत. धरणाचे पाणी उतरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन हंगामी भाडेपट्ट्याने दिली जाते व त्यात प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य असते. पाटबंधारे विभागाकडे वेळेत अर्ज करा. तिथे हरभरा आणि चारापिके चांगली येतात. जलाशयातील मासेमारीसाठी सहकारी संस्था नोंदवता येते. महिलांना ‘उमेद’ अभियानातील बचत गटातून कर्ज मिळू शकते. मोबदल्यातून घेतलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर पती-पत्नी दोघांची नावे लावा.

९. इतर विस्थापितांकडून काय शिकावे

संघर्षामुळे घर सोडून आलेल्या लोकांनीही महाराष्ट्रात शेती उभी केली आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना १९६० च्या दशकापासून तेव्हाच्या चंद्रपूर, आजच्या गडचिरोली जिल्ह्यात मुलचेरा, चामोर्शी भागात वसवले गेले. त्यांनी धानाची शेती आणि मत्स्यतळी यांवर घरे उभी केली, पण कागदपत्रांचे आणि जातीच्या दाखल्याचे प्रश्न पुढच्या पिढीपर्यंत चालत आले. गोंदिया जिल्ह्यातील गोठणगाव येथे १९७० च्या दशकात वसलेल्या तिबेटी वसाहतीत शेती आणि हिवाळ्यातील स्वेटर विक्री असे दोन आधार कुटुंबांनी ठेवले. एक हंगाम गेला तरी घर बंद पडले नाही.

उलट उदाहरण आपल्या शेजारीच आहे. मेळघाटातून अकोट परिसरात आणलेल्या गावांतील काही कुटुंबे जमीन आणि सोयी मिळाल्या नाहीत म्हणून पुन्हा जंगलात परतली आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांचा प्रशासनाशी संघर्ष झाला. घर मिळाले पण पोट भरण्याची सोय झाली नाही, तर माणसे नव्या गावात टिकत नाहीत.

१०. कृषी सहायक व विस्तार कार्यकर्त्यांसाठी

- पुनर्वसित गावाची पहिली बैठक योजनांची यादी वाचण्यासाठी घेऊ नका. कोणाची जमीन कुठे, कशी, पाणी कोणते, हा नकाशा गावकऱ्यांसोबत तयार करा.
- यजमान गावातील दोन-तीन अनुभवी शेतकऱ्यांना शिवारफेरीला बोलवा. त्या मातीचे ज्ञान त्यांच्याकडे आहे, आणि ओळख झाली की पाणी, पांदण, गुरे यांवरचे वाद कमी होतात.
- सातबारा नावावर होताच शेतकरी ओळख क्रमांक, ई-पीक पाहणी, पीक कर्ज आणि पीक विमा या क्रमाने कामे पूर्ण करून घ्या. एक नोंद राहिली की पुढच्या अडतात.
- जुन्या गावातील शेजारी नव्या गावातही एकत्र राहिले असतील तर त्यांचाच गट करा. बियाणे, यंत्र आणि राखण वाटून घेण्याची सवय त्यांना आधीपासून असते.

तिसऱ्या हंगामापूर्वीची तपासणी

ठिबक, फळबाग, नवी विहीर किंवा ट्रॅक्टर यांसाठी रक्कम काढण्याआधी पुढील पाच प्रश्नांना ‘होय’ उत्तर हवे.

१. सातबारा आणि मोजणी दोन्ही पक्के आहेत का?
२. माती व पाण्याचा अहवाल हातात आहे का, आणि तो त्या पिकाला अनुकूल आहे का?
३. एक पावसाळा आणि एक उन्हाळा या शेतात पाहिला आहे का?
४. वर्षभराचे धान्य आणि चारा घरात आहे का?
५. हे पीक पूर्ण बुडाले तरी पुढची पेरणी कर्जाशिवाय होईल एवढी रक्कम शिल्लक राहते का?

एकही उत्तर ‘नाही’ असेल तर तो खर्च एक वर्ष पुढे ढकला. जमीन कुठे जात नाही. मोबदल्याची रक्कम मात्र एकदाच मिळते.